दार बंद होत आहे

जुनं खातं बारकीने पुसलं ते भर सकाळी, हातात कॉफीचा कप घेऊन, शीळ घालत. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चौकटीने तिला दोनदा विचारलं, सगळं कायमचं जाईल, नक्की? दुसऱ्यांदा विचारल्यावर ती चिडलीच. "नक्की म्हटलं ना! किती वेळा सांगू?" असं मोठ्याने म्हणून तिने बटण दाबलं. खातं गेलं. बारकीने एक घोट घेतला आणि एवढं मोठं काम तडीस नेल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बारकी म्हणजे घरातली धाकटी. पन्नाशी आली, केस पिकले, स्वतःचा दवाखाना झाला, तरी नाव बारकीच. ती स्पीच थेरपिस्ट. तोतरी मुलं, अर्धांगवायूने शब्द हरवलेली माणसं, गळ्याच्या ऑपरेशनने मुकी झालेली माणसं, असे सगळे तिच्याकडे यायचे. या शेवटच्या लोकांच्या रांगेत वर्षापूर्वी तिचा सख्खा मोठा भाऊ येऊन बसला होता.

दादा आवाजाचा माणूस. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणतो तो दादा. फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणतो तोही दादाच. चेहऱ्याने त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं, पण दुकानात जाऊन त्याने साधा बल्ब मागितला तरी माणसं वळून बघायची. ज्या कंपनीसाठी त्याने हे सगळं रेकॉर्ड केलं, तिने पुढे त्याचा आवाज यंत्राला शिकवला आणि ते यंत्र वाटेल त्याला विकलं. दादाला पत्ताच नाही. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. एके दिवशी तिथे एका गिऱ्हाइकाच्या फोनवर दादा टक्कल घालवणाऱ्या तेलाचे गोडवे गाताना ऐकू आला. वहिनीच्या हातातली काच खाली पडून फुटली. करारात बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं आणि खाली दादाची झोकदार सही होती, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नव्हती. दादाच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, हे त्यातलं आणखी एक दुःख.

तेव्हापासून खाजगीपणा हा विषय निघाला की दादा तावातावाने बोलायला लागायचा. मग गळ्याचा कर्करोग निघाला, आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं.

बारकीने पदर खोचला. ऑपरेशनच्या आधीचा आख्खा आठवडा तिने दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत दादाला बसवलं आणि त्याचा घरचा आवाज रेकॉर्ड केला. लिफ्टमधला नव्हे. "अगं, ऐकलंस का" हा आवाज. चिडल्यावरचा, लाडात आल्यावरचा, विनोद सांगून आधी स्वतःच हसण्याचा. पुढे हे सगळं एका टॅबलेटला शिकवायचं, दादाने टाइप करायचं, आणि टॅबलेटने दादाच्या आवाजात बोलायचं, असा बेत होता.

दादाच्या अटी कडक. रेकॉर्डिंग इंटरनेटवरच्या एका कुलूपबंद तिजोरीत ठेवायचं, आणि तिची चावी कंपनीकडेसुद्धा नसली पाहिजे. दुसरी प्रत नको. कागदावर एक अक्षर नको. "कुणालाही द्यायचं नाही म्हणजे कुणालाही नाही. हिलासुद्धा नाही," असं तो पहिल्याच दिवशी, खोलीचं दार लावायच्या आधी म्हणाला होता. ही म्हणजे वहिनी. ती त्या वेळी दाराबाहेरच्या बाकावर त्याची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेली असायची. आपण आत खोलीत नको आहोत, हे तिला तिथे बसल्या बसल्या पुरतं कळत होतं.

तिजोरीचा पासवर्डही दादानेच काढला. डोळे मिटून शब्दकोश उघडायचा, बोट ठेवायचं, असे सहा शब्द. बारकीने ते एकदा टाइप केले. मग ते कुठेतरी लिहून ठेवायचे म्हणाली, तर दादा उसळला. "लिहिलेलं कुणीही वाचतं. मी बोलून ठेवतो." एक आवाजाचा माणूस आणि एक आवाजाची डॉक्टरीण, दोघांनाही ही कल्पना फारच झकास वाटली. दादाने सहा शब्द बातम्या वाचाव्यात तसे ठासून म्हटले आणि बारकीने ती क्लिप आपल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, तिजोरीच्या नोंदीला जोडून ठेवली. शहाण्या माणसाने शब्द लिहिले असते. पण ही दोघं त्यातली नव्हती.

आता वर्ष उलटलं होतं. ऑपरेशन झालं, किरणं झाली, दादा हडकला आणि पुन्हा थोडा भरला. गळ्यावरच्या भोकावर तो पातळ रुमाल बांधायचा. घरघर आवाज काढणारं एक यंत्र त्याला दिलं होतं, ते त्याने कपाटात टाकलं होतं. फोनवर टाइप करून दाखवायचा, आणि वहिनीला बोलवायचं झालं की टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचा. बस, तेवढीच हाक. टॅबलेटवाला तंत्रज्ञ सोमवारी येणार होता. आपण पहिलं वाक्य काय बोलणार ते दादाने ठरवून ठेवलं होतं आणि कुणाला सांगत नव्हता.

नेमकी या सगळ्यात बातमी आली, की बारकीचा पासवर्ड मॅनेजर एका जाहिरातींच्या कंपनीने विकत घेतला. दादाचा मेसेज तासाभरात हजर. "आजच्या आज बाहेर पड. सगळं सामान घेऊन."

बारकीने मग नवा पासवर्ड मॅनेजर शोधायला जे आकाशपाताळ एक केलं, तेवढं तिने स्वतःचा दवाखाना शोधतानाही केलं नव्हतं. एक फुकट होता, पण कोण काय कधी उघडतं याची माहिती दुसऱ्यांना पुरवत होता. एक देखणा होता, पण त्यातून आपलं सामान बाहेर काढायचा रस्ताच नव्हता, आत गेलात की जन्माचे पाहुणे. शेवटी एक मनासारखा मिळाला. कंपनीला आतलं काही वाचता येत नाही, बाहेरच्या जाणकारांनी तो उलटापालटा करून तपासलेला, आणि उद्या नको झाला तर सगळं साध्या फाइलमध्ये घेऊन चालू पडता येतं. त्यात विश्वासातल्या एका माणसाला अडीअडचणीपुरती चावी देण्याची सोयही होती. दादाने तो रकाना बघितला आणि टाइप केलं, "रिकामा ठेव."

बारकीने जुन्यातून फाइल काढली, नव्यात ओतली, नोंदी ताडून पाहिल्या. जितक्या तिकडे तितक्या इकडे. मग फाइल नष्ट केली, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडेनागडे होते. मग जुनं खातं पुसलं. शीळ घालत.

कॉफी संपता संपता तिला वाटलं, सोमवारच्या आधी तिजोरी एकदा उघडून बघावी. तिने नव्या मॅनेजरमध्ये ती नोंद उघडली. नाव होतं. पत्ता होता. पासवर्डचा रकाना कोरा होता, आणि टिपेत तिच्याच शब्दांत लिहिलं होतं, "सोबतची क्लिप ऐक."

सोबत काहीच नव्हतं.

तिने खाली सरकवून बघितलं. वर बघितलं. दुसरी नोंद उघडली, पुन्हा ही उघडली. मग मदतीचं पान उघडून वाचलं, जे काल वाचायला हवं होतं. फाइलमध्ये फक्त मजकूर जातो. जोडलेली चित्रं, ध्वनी वगैरे जात नाही. ते वेगळं उतरवून घ्यावं. नव्या घरातून बाहेर पडायची वाट बारकीने डोळ्यांत तेल घालून तपासली होती. जुन्या घरातून काय बाहेर येत नाही, हे बघायचं राहिलं होतं.

  शब्द आठवायला ती डोळे मिटून बसली, तर एक खुंटी आठवली, बाकी सगळं कोरं.

तिने जुन्या कंपनीला फोन लावला. घंटी वाजली, खट् झालं, आणि पलीकडून दादा म्हणाला, "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

"दादा," बारकीच्या तोंडून निघून गेलं.

"कृपया प्रतीक्षा करा," दादा म्हणाला. स्वच्छ, गोल, निरोगी आवाज. दर मिनिटाला तो तिला हेच सांगत राहिला आणि ती फोन कानाला लावून घळाघळा रडत राहिली. दुसऱ्यांना बोलायला शिकवणारी ही बाई, तिची अशी बोबडी वळली की शेवटी माणूस फोनवर आला तेव्हा तिला काय हवंय तेच सांगता येईना. मुलगा बिचारा गोड होता. आम्हाला तुमचं काही वाचता येत नाही, पुसलेलं परत आणता येत नाही, हीच तर आमची हमी होती, असं त्याने समजावलं. तिजोरीच्या कंपनीनेही तेच सांगितलं. दादाला हवं होतं तसंच, शब्दशः.

दुपारी ती दादाच्या घरी निघाली. इमारतीच्या दारात वहिनी भेटली, दुकानातून येत होती. तिचा उजवा गुडघा कधीचा दुखतो, तरी ती जिन्याकडे वळली. "तू हो पुढे लिफ्टने. मला डॉक्टरांनी चढायला सांगितलंय." वर्षभर तिचं हेच चाललं होतं, चार मजले. बारकी लिफ्टमध्ये शिरली. "दार बंद होत आहे," दादा म्हणाला. एरवी ती "होऊ दे रे" असं चेष्टेने उत्तर द्यायची. आज तिने कानांवर हात ठेवले.

दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वहिनी धापा टाकत वर आली, पाणी प्यायली, आणि मगच बारकीने तोंड उघडलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दादाने तिच्याकडे बघितलं आणि टाइप केलं, "गंमत करतेस?"

"नाही रे."

त्याने डोळे मिटून ते सहा शब्द आठवून बघितले, पण त्यालाही ते आठवेनात. माणूस ओरडतो तसं त्याचं तोंड उघडलं, मान ताणली, गळ्यावरचा रुमाल फडफडला, आणि आवाज आला फक्त हवेचा. बारकीने आपल्या दवाखान्यात हे शेकडो वेळा बघितलं होतं. सख्ख्या भावाचं बघवेना.

"तुझा आवाज विकला त्या कंपनीकडे तुझं जुनं रेकॉर्डिंग आहे," ती घाईघाईने म्हणाली. "त्यांना विचारू. त्यावरून काहीतरी बनवता येईल. अगदी घरच्यासारखं नाही, पण..."

दादाने टाइप केलं. "त्या आवाजात हिला हाक मारू? मग तेलही विकतो." फोन त्याने टेबलावर उपडा टाकला. संपलं, असा त्याचा अर्थ होता.

 वहिनी उठली, आतल्या खोलीत गेली, कपाटाचं दार वाजलं, आणि ती एक जुना, काच तडकलेला फोन घेऊन आली. तो तिने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"यात आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"सगळंच. तो आठवडा." तिने दादाकडे न बघता सांगितलं. "आत तुझा कोट खुंटीला टांगायचास ना? रोज मी तुला कोट घालायला मदत करायचे. तेव्हा खिशात हा सरकवायचे, चालू करून."

 बारकीला आधी भलतंच सुचलं. तिने फोन उचलला, आणि तो बोट लावताच उघडला. "वहिनी! याला लॉकसुद्धा नाही? वर्षभर हे असंच?"

"लॉक कशाला? चोरण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं, आणि ते मीच चोरलेलं."

"पण सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? हा म्हणाला कुणालाही नाही. मी दाराबाहेर होते, बहिरी नव्हते." मग तिने बारकीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "तुमच्या टॅबलेटला याचा उपयोग नाही. कोटातून आवाज दबका येतो. मला चालतो."

बारकीने आवाज बारीक ठेवून एकेक क्लिप चाचपायला सुरुवात केली, तशी वहिनी म्हणाली, "शेवटच्या दिवसाचं उघड. अर्ध्याच्या जरा पुढे." आणि ते सापडायच्या आधीच ती पाठ म्हटल्यासारखी म्हणाली, "खुंटी. वाटाणा. पोलाद. सायंकाळ. पुढचे दोन मला कधीच नीट लागले नाहीत. तिथे कोट सरकतो."

कधीच. म्हणजे किती वेळा ऐकलं असेल हिने?  बारकीने लॅपटॉप उघडून तिजोरीचं पान काढलं, फोन कानाशी न धरता आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि चालू केला. कापडाची खसखस आली. आणि तिच्यातून, भिंतीपलीकडून यावा तसा, दादा बोलला.

"खुंटी. वाटाणा. पोलाद. सायंकाळ..."

दादा खुर्चीत ताठ झाला. वर्षभरात त्याने स्वतःचा हा आवाज ऐकला नव्हता. बारकीचा कान तयार होता, खसखशीच्या आतूनही तिला शेवटचे दोन लागले. ओंजळ. गोंद. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि टाइप करायला घेतलं. फोन चालूच होता.

"बस, झालं ना काम, बंद कर तो," वहिनी म्हणाली. कुणी हलेना, तशी ती स्वतःच झेपावली. दादाने तिचं मनगट धरलं. त्याला ऐकायचं होतं. "अरे, नको," वहिनी म्हणाली, "ऐक माझं, पुढचं नको."

पुढे काय आहे ते बारकीला तेव्हा आठवलं. तीही त्या खोलीत होती. तिने हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"झालं? बंद केलंस?" फोनमधला दादा म्हणाला.

"केलं," फोनमधली बारकी म्हणाली.

मग बराच वेळ नुसता कोट. मग दादा, निराळ्याच आवाजात. "बारके, मला भीती वाटते गं. हिच्यासमोर म्हणता येत नाही. हिला वाटतं मी मोठा धीराचा. मी नाही उठलो त्या टेबलावरून, तर ही लिफ्टमध्ये कशी जाईल? जाईल तिथे मी वरून बोलत असणार. दार बंद होतंय म्हणून सांगत असणार." आणि मग तो रडला, हुंदके देऊन, कोटातूनही स्पष्ट ऐकू यावा असा.

बारकीने फोन बंद केला. लॅपटॉपवर तिजोरी उघडलेली होती, आठवड्याच्या सगळ्या फायली ओळीने समोर होत्या, आणि तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

दादाने वहिनीचं मनगट अजून धरलेलंच होतं. दुसऱ्या हाताने त्याने एकेक अक्षर टाइप केलं आणि फोन तिच्यासमोर धरला. "कधीपासून माहीत आहे?"

"ऑपरेशनच्या दिवसापासून. तू आत होतास, मी बाहेर ऐकत बसले होते. तू धीराचा दिसत होतास, मग मीही दिसले."

"आणि जिना?" बारकीने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "वहिनी, डॉक्टरांनी जिना सांगितलाच नाही ना?"

"कुठला डॉक्टर दुखऱ्या गुडघ्याला चार मजले सांगेल?" वहिनी म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

दादा उठला. त्याने आधी बारकीसमोर फोन धरला. "विश्वासातल्या माणसाच्या रकान्यात हिचं नाव घाल. आत्ता." मग तो वहिनीला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेला. त्याने लिफ्टचं बटण दाबलं. वहिनी मागे सरली, मान हलवून नको म्हणाली. दादाने हात सोडला नाही. लिफ्ट आली, तो आत शिरला, आणि तिला आत घेऊन अगदी जवळ उभा राहिला, रुमाल बांधलेला, मुका, जिवंत.

"दार बंद होत आहे," वरून दादा म्हणाला.

वहिनीने आधी वर बघितलं. मग शेजारी बघितलं.

"होऊ दे," ती म्हणाली.